डेप्थ चार्टची वही: दुसऱ्या रकान्याची उगवण

अमेरिकन फुटबॉलच्या NFL संघांचे डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेवरचा मुख्य खेळाडू आणि त्याचे बदली यांची यादी, मी एका वहीत उतरवतो. वहीत दोन पानं पूर्ण झाली. एक 2017 च्या फिलाडेल्फिया ईगल्सचं, दुसरं 2020 च्या कॅन्सस सिटी चीफ्सचं. आतापर्यंत मी पहिला रकाना, म्हणजे मुख्य खेळाडू, शाईनं लिहायचो आणि बदली खेळाडू पेन्सिलनं. आता बदलीचं नावही शाईनं लिहितो.

ईगल्सचा डावा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेच्या टोकाचा खेळाडू) जेसन पीटर्स ऑक्टोबरमध्येच जायबंदी झाला, डिसेंबरमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा कार्सन वेंट्झही दुखापतीनं बाहेर गेला. तरी बदली क्वार्टरबॅक निक फोल्सनं सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, 41-33 असा जिंकून दिला. फोल्सचं नाव सगळ्यांना पाठ आहे. माझं लक्ष मात्र पीटर्सच्या जागी उभ्या राहिलेल्या वायटाईवर खिळलं. 2016 च्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्या) पाचव्या फेरीतला हा खेळाडू, पण पहिल्याच वर्षी उजवा टॅकल लेन जॉन्सन निलंबित असताना त्याच्या जागी 6 सामने सुरुवातीपासून खेळलेला.

गावी आण्णांना हे सांगितलं. ते पेरणीआधी घरचं सोयाबीन तपासत होते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे रांगेनं मांडून गुंडाळी करायची, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या आसपास निघाले तर बी पेरायचं. शिवाय दुबार पेरणीची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून एक थैली बाजूला. म्हणाले, "थैली ठेवून काय करतूस, उगवण बघितलास का?"

त्याच रात्री वहीत आणखी एक रकाना आखला: उगवण. बदली खेळाडू त्याच जागेवर किंवा तशाच जागेवर आधी किती सामने सुरुवातीपासून खेळलाय, तो आकडा तिथं येतो.

चीफ्सच्या पानावर हा रकाना लगेच बोलला. 8 फेब्रुवारी 2021, सोमवार, पहाटे 5 वाजता चीफ्सचा सुपर बोल बघायला परभणीत मी जागा होतो. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दोन्ही टॅकल बाहेर. मग उजवीकडचा रेमर्स डावीकडे सरकवला आणि गार्ड (टॅकलच्या शेजारचा) वायली उजव्या टॅकलला. एकाची दुखापत निस्तरताना दोन जागा हलल्या. क्वार्टरबॅक माहोम्स सगळा वेळ पळत होता. चीफ्स 31-9 असे हरले, त्यांचा एकही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे मोठे गुण) नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्या रांगेतले पाचही मुख्य खेळाडू नवे होते.

मला कळतं, संघात 53 जणांची मर्यादा आणि वर सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्यांच्या पगाराच्या बेरजेवरची मर्यादा. बदलीवर घातलेला डॉलर कुणाच्या तरी पगारातूनच निघतो. तरी टॅकलला मी आधी बदली शोधेन, तिसरा चांगला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) नंतर.

पुढचं पान 2022 च्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचं घेतलंय. त्यांचे क्वार्टरबॅक एकामागून एक जायबंदी झाले: लान्स, गॅरोपोलो, मग अंतिम फेरीच्या आधीच्या सामन्यात पर्डीचं कोपर आणि जोश जॉन्सनच्या डोक्याला मार. क्वार्टरबॅकच्या ओळीला रकाने पुरेनात, समासात एक घर वाढवून घेतलंय.