भाद्रपदाच्या आधी उरकायची कामं

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वाटेवरच्या कुत्र्यांचं वर्ष भाद्रपदाभोवती फिरतं. मादी वर्षात कधीही माजावर येऊ शकते, पण पावसाच्या उत्तरार्धात एकाच वेळी कितीतरी माद्या येतात. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात जिकडे तिकडे पिल्लं दिसतात. ही पिल्लं मे महिन्यात सहा महिन्यांची होतात आणि त्यांतल्या माद्या पुढच्याच भाद्रपदात विण्याच्या वयाला येतात. सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीसाठी उचलायचं नसतं. हा हिशोब मांडला की हाती मोजके दिवस उरतात: एप्रिलअखेरपासून मृगाच्या पावसापर्यंत. या दिवसांत जी तरुण मादी सुटली, ती बहुतेक वेळा डिसेंबरात पिल्लांसह भेटते. जखमी कुत्र्याचा फोन आला की धावायचंच. पण कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या ज्या गटाचं सगळं वर्ष फक्त फोनवर चालतं, त्याला डिसेंबरात पिल्लं ठेवायला जागा पुरत नाही, आणि त्या पिल्लांतली बरीचशी वाचतही नाहीत.

मे महिन्याची तयारी शिमग्यानंतर लगेच सुरू करावी. आधी मोजणी. पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात कुत्री उघड्यावर असतात. ऊन चढलं की होड्यांखाली, गटारात, गाड्यांखाली शिरतात. एक वाडी किंवा एक वॉर्ड घ्यायचा, प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढायचा, नर की मादी, कानाला खूण आहे की नाही आणि खाऊ कोण घालतं हे लिहायचं. शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची आहे. जाळीला हुलकावणी देणारं कुत्रं रोज भाकरी टाकणाऱ्या आजीच्या हाताला गपचूप येतं.

आज या गावातली पाच आणि उद्या त्या गावातली पाच कुत्री उचलून काही साधत नाही. एका वाडीतल्या जवळजवळ सगळ्या माद्या झाल्याशिवाय पुढची वाडी धरू नये. पैसे कमी असतील तर आधी माद्या, कारण मागे राहिलेला एक नरही साऱ्या वाडीला पुरतो.

पकडताना दोन चुका जिवावर बेततात. पहिली म्हणजे दूध पाजणारी मादी उचलणं. सड लोंबलेले आणि ओले दिसले, त्यांच्याभोवतीचे केस चोखून गेलेले असले, की पिल्लं जवळपास आहेत असं समजा. ती दोन महिन्यांची होईपर्यंत आईला हात लावू नका, पण तिचं नाव वहीत ठेवा. दुसरी चूक उन्हाची. मे महिन्यात बंद गाडीत, एकावर एक पिंजरे रचून, घाबरलेलं आणि धापा टाकणारं कुत्रं अर्ध्या तासात उष्माघातानं जाऊ शकतं. सकाळी आठनंतर पकडणं थांबवा. गाडीला दोन्ही बाजूंनी वारा हवा, पिंजऱ्यावर ओलं पातळ कापड टाका, पण हवा कोंडू देऊ नका. कुत्रं लटपटायला लागलं, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली तर पोट, जांघा आणि पंजे नळाच्या पाण्यानं भिजवा आणि वारा घाला. बर्फ नको, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. भुलीसाठी दिलेल्या झायलाझिन या औषधामुळे शरीराचं तापमान राखण्याची ताकद आधीच कमी झालेली असते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारं कुत्रं पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका.

पकडलेलं कुत्रं त्याच दिवशी टेबलावर घेऊ नये. रात्री शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीच्या, मागे त्यानं काय खाल्लंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाते. एक रात्र उपाशी ठेवा, पाणी मात्र पहाटेपर्यंत द्या. आमच्या मते किनारपट्टीवर मादीचा छेद कुशीवर घेणं बरं. पोटावरची जखम ओल्या वाळूला घासते. कुशीवरची घासत नाही आणि सोडल्यानंतर दहा पावलांवरूनही दिसते. टाके आतून, विरघळणारे घालावेत, कारण टाके काढायला हे कुत्रं पुन्हा हाती लागणार नाही. भूल असतानाच कानाला व्ही आकाराची खूण करायची आणि रेबीजची लसही टोचायची. मादीला जखम कोरडी होईपर्यंत, निदान चार-पाच दिवस ठेवून मगच सोडा.

कुत्रं जिथून उचललं, नेमकं तिथंच सोडायचं. यासाठी गळ्यात नंबराचा पट्टा आणि पकडताना मागे ओळखीची खूण येईल असा फोटो, दोन्ही हवेत: देऊळ, विजेचा खांब, दुकानाची पाटी. नुसतं ‘मालवण बंदर’ लिहिलं तर चालक जेटीच्या दुसऱ्या टोकाला सोडून येतो. तिथली टोळी त्याला फाडते, ते रस्त्याकडे पळतं आणि गाडीखाली येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर ही नोंद आणखी महत्त्वाची झाली आहे. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून उचललेली कुत्री त्याच आवारात परत सोडायची नाहीत. म्हणून कुत्रं शाळेच्या कुंपणाच्या आत सापडलं की बाहेरच्या रस्त्यावर, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

मग जून उजाडतो. गोव्यातले किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवलेले असतात, मालवणातली पर्यटनाची गर्दी ओसरते आणि त्याच सुमाराला मासेमारी बंद होते. ज्या कुत्र्यांचं पोट शॅकच्या उष्ट्यावर आणि जेटीवरच्या मासळीवर चालत होतं, त्यांच्या तोंडचा घास एकाच आठवड्यात जातो. ती घोळक्यानं गावात शिरतात, कोंबड्यांवर धावतात आणि ग्रामपंचायतीत तक्रारी सुरू होतात. हे दरवर्षी होतं, म्हणून मे महिन्यातच शॅकवाल्यांशी आणि पंचायतीशी बोलून ठेवावं. खाऊ घालण्याची जागा घरांपासून, शाळेच्या फाटकापासून आणि वळणाच्या रस्त्यापासून दूर असावी, वेळ एकच ठरलेली असावी, आणि उरलेलं अर्ध्या तासात उचललं जावं. भाताबरोबर अंडं किंवा सुकी मासळी असू दे; नुसत्या बिस्किटांवर कुत्रं जगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जंतांचं औषधही याच खाण्यातून देता येतं, वजनाप्रमाणे आणि प्रत्येकाला वेगळं.

पावसाळ्यातलं खरं संकट म्हणजे जखमेत पडणारे किडे. माशी जखमेच्या कडेला एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते, ती बारा ते चोवीस तासांत फुटतात, आणि अळ्या पाच-सात दिवस जिवंत मांस खातात. सोमवारी दिसलेलं नखाएवढं भोक शुक्रवारी मूठ जाईल एवढं होतं. कानामागे, शेपटीच्या बुडाशी आणि गळपट्ट्याखाली आधी बघा. कुत्रं एकच जागा सारखं चाटत असेल, अंगाला कुजका वास येत असेल, तर किडे आहेतच असं धरा.

सोबत ५०० मिलीची सलाइनची बाटली, २० मिलीची सिरिंज, बोथट टोकाचा चिमटा, कात्री, गॉज, दुहेरी हातमोजे आणि किड्यांवरचा पशुवैद्यकीय स्प्रे एवढं हवं. आधी तोंड बांधायचं: गॉजपट्टीचा फास नाकावरून, गाठ हनुवटीखाली, मग टोकं कानांमागे. धाप लागलेल्या कुत्र्याचं तोंड दोन-तीन मिनिटांहून जास्त बांधून ठेवू नका. जखमेभोवतीचे केस कापा, सलाइनचा जोरदार फवारा मारा, स्प्रे मारून थांबा. अळीचं श्वास घ्यायचं भोक मागच्या टोकाला असतं, त्यामुळे गुदमरली की ती मागे सरकून वर येते. तेव्हा चिमट्यानं काढा. ओढताना तुटली तर आत राहिलेला तुकडा सडतो. काढून झाल्यावर कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन वापरून जखम धुवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला जायचंच, कारण खोल बोळात लपलेल्या अळ्या तेव्हाच सापडतात. जखम भरून येईपर्यंत कडेनं रोज स्प्रे हवा, नाहीतर नवी माशी बसते.

गावात या जखमेत फिनेल ओततात, डांबरगोळीची पूड भरतात, खरजेला गाडीचं जळकं ऑइल फासतात. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. टर्पेंटाइन तेलाचे दोन-चार थेंब बोळ्यावर घेऊन अळ्या बाहेर काढणं वेगळं आणि बाटली उपडी करणं वेगळं. दुसऱ्यात जिवंत मांस भाजून निघतं. घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कधीही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. खरजेवर देतात त्या आयव्हरमेक्टिनचा डोस पशुवैद्यच ठरवील, लहान पिल्लांना तर अजिबात अंदाजानं नको.

भाद्रपदात फोन येतात ते मारामाऱ्यांचे. एका मादीमागे सात-आठ नर, मध्ये सापडलेला एखादा शाळकरी मुलगा, आणि मग चावा. मादीच्या किंवा नराच्या जननेंद्रियातून महिनाभर रक्ताचे थेंब पडत असतील तर तो माज नसून समागमातून पसरणारी गाठ असण्याची शक्यता मोठी आहे. व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी चार ते सहा इंजेक्शनं दिली की ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, मात्र मधला आठवडा चुकवायचा नाही.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, अशा कुत्र्याच्या ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून लोक प्रेमानं तोंडात हात घालतात. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. हात घालू नका, गर्दी मागे हटवा आणि जाळी असलेल्या माणसाला बोलवा. चावा किंवा ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पहिली लस घ्यायची. कातडीत टोचण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी डोस असतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. कुत्र्यांना हात लावणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकानं चावा होण्याआधीची लस घेतलेलीच असली पाहिजे.

कार्तिकात पिल्लं आली की पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा, विषाणूमुळे होणारा जुलाबाचा आजार येतो. रक्ताचे जुलाब झालेलं एक पिल्लू ज्या खोक्यात ठेवलं, त्यात दुसरं ठेवू नका. फिनेलनं हा विषाणू मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आधी घाण धुऊन मग दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. मातीत मात्र तो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून मातीच्या अंगणात पिल्लांचा निवारा करू नये.

ही पिल्लं फेब्रुवारीत तीन महिन्यांची होतात, आणि रेबीजच्या लसीची मोहीम तेव्हाच घ्यावी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. थर्मासच्या पेटीत बर्फाची पिशवी कुपीला चिकटू देऊ नका. गोठलेली लस वायाच जाते. प्रत्येक कुत्र्याला नवी सुई, टोचून झाल्यावर पाठीवर रंगाचा पट्टा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर फिरून रंग असलेली आणि नसलेली कुत्री मोजायची. दहांत सातांहून कमी रंगीत दिसली तर गाडी परत त्या वाडीत न्यायची. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी हेच चिकाटीनं केलं. २०१३ ते २०१९ या काळात तिथं कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०२१ मध्ये राज्याला रेबीज-नियंत्रित घोषित करण्यात आलं.

या यशात लसीबरोबर शाळांचाही वाटा आहे. वर्गात अर्धा तास पुरतो. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन नजर जमिनीकडे ठेवून झाडासारखं उभं राहायचं. पडलात तर गुडघे पोटाशी, हात मानेवर. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही. हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या, नुसतं सांगून ते विसरतात. शेवटची पाच मिनिटं चाव्यासाठी राखून ठेवा. आई ओरडेल म्हणून मुलं बारीक ओरखडा लपवतात, म्हणून सांगितल्यावर घरी मार बसणार नाही असं पालकसभेत पालकांकडून कबूल करून घ्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रात लस कोणत्या वेळी मिळते ते फळ्यावर लिहून या.