पहाटेची बाटली

आंगणेवाडीच्या जत्रेच्या आसपास कोकणकन्येचं तिकीट मिळवणं म्हणजे भराडीदेवीचाच कौल लागतो. मला तो जत्रा उरकल्यावर लागला. कणकवलीला डोळे चोळत उतरले, एसटीने मसुऱ्याला मामाच्या घरी पोचले आणि चहाचा कप हातात असतानाच दादाने, म्हणजे मामेभावाने, कामाला जुंपलं. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी कालावलच्या खाडीचं पाणी मोजतो. मामीच्या मते हे बायको नसलेल्या माणसाचं लक्षण आहे.

गड नदी सह्याद्रीतून उतरते, कणकवलीला जानवलीला सोबत घेते आणि मसुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी नदीची खाडी होते. कुठे, हे विचारू नका. पावसाळ्यात ती पार खालपर्यंत लाल, गोडी नदी असते आणि एप्रिल-मेमध्ये खारं पाणी वरच्या वाड्यांच्या विहिरींना हात लावायला येतं. नदीवर ठिकठिकाणी फळ्या टाकून पाणी अडवलेलं असतं, वरून गोडं पाणी येणं थांबतं, की खाऱ्याला रान मोकळं. भरतगड या तीरावर, भगवंतगड त्या तीरावर, मधे जुवे, म्हणजे खाडीतली बेटं, आणि शेवटी तोंडवली-तळाशीलचा वाळूचा चिंचोळा पट्टा: एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड आणि माणसं. बॅकवॉटर म्हणून इथे हल्ली पर्यटक येतात. फोटो छान येतात, हे खरंच आहे.

पहिल्या दुपारी दादाला कॉलेजचं काही काम निघालं, म्हणून वही आणि सामान माझ्या हवाली करून तो गेला. मी होडीवाल्या काकांबरोबर चार ठिकाणी फिरले. क्षारता बघायचं यंत्र दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, काचेवर पाण्याचा एक थेंब. समुद्राच्या पाण्यात हजारात साधारण पस्तीस भाग मीठ, तिथपासून खाली नदीच्या शून्यापर्यंत. मग काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची गाठ मोजायची. ही युक्ती सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याची, १८६५ सालची; त्याची तबकडी नुसती पांढरी होती, काळा रंग नंतर आला. सगळं नीट, सुवाच्य अक्षरात लिहून आणलं.

दादाने संध्याकाळी वही बघितली आणि पहिला प्रश्न, ‘‘वेळ खंय?’’

मी म्हटलं, दुपार.

‘‘पाणी चढत होता काय उतरत होता?’’

मला आठवेना. त्याने शांतपणे पानावर तिरपी रेघ मारली. मला राग आला. चार आकडे होते, खोटे नव्हते. पण खाडीत एकाच खुंटाशी सकाळी मचूळ पाणी असतं आणि दुपारी जिभेला झोंबेल इतकं खारं. भरतीची अवस्था लिहिली नाही तर तो आकडा कोणत्या पाण्याचा, नदीच्या की समुद्राच्या, हे कळायला मार्गच नाही. त्यात वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगळं. खारं पाणी जड, ते तळातून जिभेसारखं आत सरकतं आणि गोडं त्याच्या पाठीवरून वाहत राहतं. मी चारही ठिकाणी वरवरचं पाणी ओंजळीनेच घेतलं होतं. दादाकडे तळाचं पाणी काढायला एक बाटली आहे: बुडाला दगड बांधलेला, बुचाला वेगळी सुतळी. तळाशी सोडायची, सुतळीला हिसका द्यायचा, बूच निघतं, बुडबुडे येतात, बाटली वर. ती तिथेच होडीत होती. मी तिच्यावर पाय ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. माघ वद्य द्वितीया, चंद्र पश्चिमेला अजून भरपूर. तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर, काका विडी ओढत बसलेले. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक काढलं तर ते हसले. ‘‘आज दूज. दुजेची पाऊणपट दीड. दीडाक भरती भरात. हय पोचासर आणखी अर्धो तास.’’ हा हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडात असतो: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, तिथीमागे पाऊण तास धरला की काम भागतं. पुनवेची पंधरा, पाऊणपट सव्वा अकरा. कोष्टकाशी ताडून बघितलं, थोडक्यात चुकलं. होडीला तेवढं चालतं.

सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी अजून बाहेर ओढत होतं. काका बांबूने रेटत होते, इंजिन नको म्हणाले, तळ ढवळतो. जुव्याच्या कडेला कांदळवन अंधारात नुसतं काळं दिसतं, पण ऐकू येतं: चिखलातून टचटच, कुठे बोयचा मासा उडाल्याचा थप्प. चिप्पीची शंकूसारखी श्वासमुळं पाण्याबाहेर उभी. पांढरी चिप्पी २०२० सालापासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, आणि कांदळवनांसाठी वन खात्याचा स्वतंत्र कक्ष २०१२ पासून आहे. त्याआधी गावात तिवर, हे कांदळवनातलंच झाड, म्हणजे सरपण, असा सरळ हिशोब असायचा. तिवराचं पान चाटून बघा असं दादा दर पाहुण्याला सांगतो. मीही चाटलं. झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चव चांगली नाही.

आता बाटलीचं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून दादा जुन्या पद्धतीवर आला होता, हंगेरीच्या विंकलरने १८८८ मध्ये काढलेल्या. काचेची बुचाची बाटली पाण्याखालीच भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण, दोन्ही लांब नळीने थोडं थोडं, बूच, आणि बाटली उलटसुलट करायची. आत साका तयार होतो. प्राणवायू अजिबात नसेल तर साका पांढरा राहतो, भरपूर असेल तर गडद तपकिरी. टॉर्चच्या उजेडात आमच्या बाटलीत दुधाळ बिस्किटासारखा रंग उतरला आणि हळूहळू खाली बसला. मी आधी वेळ लिहिली: ६.१०, सुकती, तळ. मग बाकीचं.

उजाडलं तशा बायका उतरल्या. नऊवारीचा काष्टा, कमरेला पिशवी, पाटी पाण्यावर तरंगत सोडलेली. त्या वाकत नाहीत, पायाच्या बोटांनी वाळू चाचपतात आणि तिसरी, म्हणजे शिंपली, लागली की मगच वाकतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी आमच्या बाटल्या बघितल्या.

‘‘पाण्याक काय इचारतास? तेका तोंड आसा काय? तिसऱ्येक इचारा.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत शब्दशः उतरवलं नाही, हे आता खटकतंय. सारांश असा: मेलेली तिसरी कधीकधी उघडत नाही, आत चिखल भरून गच्च मिटलेली राहते. हातात घेतली तर जिवंतच वाटते. अशी एक जरी कालवणात गेली तर सगळं कालवण मातीचं होतं, म्हणून घरी एकेक वाजवून बघायची. पाटीत अशी एखाद-दुसरी असायचीच. मूठभर निघू लागल्या की समजायचं, वर कुठेतरी काहीतरी झालं. वाळूचा उपसा जोरात होता तेव्हा तसं झालं होतं, म्हणाल्या. गाळ उडतो आणि येऊन यांच्यावर बसतो. मासा पोहून जातो, तिसरी कुठे जाणार? शिवाय वाळू गेली की तिचं घरच गेलं, पात्र खोल होतं, खारं पाणी आणखी वर चढतं, काठाचे माड आडवे होतात. हे शेवटचं त्यांनी हाताने दाखवलं, समोर मुळं उघडी पडलेला एक माड होताच.

दुपारी पुन्हा त्याच खुंटाशी. पाणी डोक्याएवढं चढलेलं, हिरवं, वर ऊन चकाकतंय. हीच खाडी पर्यटक बघतात. बाटली भरली, द्रावणं घातली, आणि साका असा उतरला की मी ओरडलेच: कॉफीची पूड. पहाटेची बाटली फडक्यातून काढून शेजारी धरली. विश्वास ठेवायला जड जावं इतका फरक.

कारण साधं आहे. दिवसा शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती प्राणवायू बनवतात. रात्री त्याही श्वास घेतात, मासे घेतात, चिखलात कुजणारी पानं सडवणारे जिवाणू तर सगळ्यात जास्त. पहाटे साठा सगळ्यात कमी असतो. घरी थायोसल्फेटने मोजलं तर पहाटेचा आकडा लिटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली, दुपारचा त्याच्या बराच वर. किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या आपल्याकडच्या निकषांत शिंपल्यांच्या आणि संवेदनशील जागांसाठी हीच पाचची रेघ आहे. म्हणजे साडेअकराला गाडीतून उतरून कोणी नमुना नेला तर खाडी पास, आणि पहाटे नेला तर नापास. खाडी तीच. यावरून ती आजारी आहे असंही ठरत नाही; कांदळवनाची खाडी रात्री दमतेच. किती दमते आणि दर वर्षी जास्त दमते का, तेवढंच बघायचं असतं, आणि त्याला एका सहलीत उत्तर नाही.

मी विचारलं, की दुपारी समुद्राचं ताजं पाणीही आलेलं असतं, मग यात उन्हाचा वाटा किती आणि भरतीचा किती? दादा एवढा खूश झालेला मी लहानपणापासून बघितला नव्हता. ‘‘अष्टमीक ये. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सुकती भर दुपारी बारा वाजता. समुद्र बाहेर, ऊन वर.’’ रजा शिल्लक नव्हती. अष्टमीचा आकडा तो फोनवर कळवणार आहे.

संध्याकाळी मामी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या घेऊन बसली, एकशिपीसाठी, म्हणजे मांस एकाच शिपीत ठेवून करायच्या कालवणासाठी. आजींकडूनच घेतलेल्या. एकेक दुसरीवर आपटून बघत होती, टक, टक, टक, आणि मग एक ठप्प. पातीवर उघडली, आत काळा चिखल. टाकायला हात उचलला तेवढ्यात दादा म्हणाला, थांब.

शेवटपर्यंत मोजल्या. एकूण दोनशे चौदा, मातीच्या तीन. मी वही पुढे ओढली आणि लिहायला लागले, तर मामीने विचारलं, वेळ कसली लिहितेस, आता काय खाडीत आहेत का त्या? दादाने सांगितलं, काढल्या तेव्हाची लिही. साडेसात, सुकती.