चिंचोक्याच्या पेटीतले तापमान

२०२१ च्या जानेवारीतील एका सकाळी पाणी बदलण्यासाठी मी चिंचोक्याच्या, म्हणजे आमच्या पाळीव सापाच्या, पेटीत हात घातला आणि उबदार कोपऱ्यातल्या पाटीच्या फरशीचा मला चटका बसला. थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला होता, पण त्याच्या पडद्यावर २३ अंश दिसत होते आणि हीटर चालू असल्याचा दिवा लागलेला होता. इन्फ्रारेड तापमापक फरशीवर रोखला, तर आकडा आला ४७. रात्री हिंडताना चिंचोक्याने थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे तारेचे टोक, चिकटपट्टीसकट उपटून पाण्याच्या भांड्यापाशी ढकलला होता. ओल्या, गार जागी पडलेल्या त्या टोकाला जितके थंड लागत होते, तितका थर्मोस्टॅट हीट मॅटला, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पातळ चटईला, जास्त वीज देत राहिला. चिंचोका त्या वेळी पेटीच्या दुसऱ्या टोकाला, गार बाजूच्या लपणात वेटोळे घालून बसला होता. ते त्याचे शहाणपण होते की माझे नशीब, हे मला आजही सांगता येणार नाही.

चिंचोका म्हणजे आमचा रॉयल पायथन जातीचा अजगर. अमेरिकेत याच सापाला बॉल पायथन म्हणतात. तो माझ्या मुलाचा, आणि गडद तपकिरी रंगावरून हे नाव मी ठेवलेले. आम्ही इंग्लंडमधील लीड्समध्ये राहतो, आणि येथे असा साप पाळता येतो. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याची योग्य निगा राखण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकलेली आहे. भारतातील वाचकांना एवढेच सांगते की आपल्याकडील रानचे साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरते, तेव्हा हे वाचून कोणी बांधावरची धामण घरी आणू नये.

थर्मोस्टॅट बसवला म्हणजे पेटीचे तापमान सांभाळले गेले, अशी माझी समजूत होती, आणि ती चुकीची होती. थर्मोस्टॅटला पेटी कळत नाही आणि सापही कळत नाही. त्याला फक्त आपल्या प्रोबच्या टोकाशी काय आहे तेवढेच कळते. म्हणून आता आमचा प्रोब फरशीलगत, सापाच्या अंगाच्या उंचीवर, लाकडात बसवलेल्या पकडीने पक्का केलेला आहे आणि पाण्याचे भांडे त्याच्यापासून दूर, विरुद्ध टोकाला आहे. चिकटपट्टी मी पेटीतून पूर्णपणे हद्दपार केली, कारण ती सुटते हा तिचा लहान दोष. सुटलेली पट्टी सापाच्या अंगाला चिकटून खवले आणि कातडी सोलवटते हा मोठा. शिवाय पहिल्या थर्मोस्टॅटच्या मागे दुसरा, साधा थर्मोस्टॅट जोडून तो तीन अंश वर लावला आहे आणि त्याचा प्रोब वेगळ्या जागी बांधला आहे. पहिला बिघडून वीज सोडतच राहिला, तर दुसरा ती तोडतो. हा खर्च मला सुरुवातीला चैनीचा वाटला होता.

साताऱ्याहून आईने त्या पहिल्याच हिवाळ्यात फोनवर विचारले होते, “अगं, एवढी थंडी तिकडे, त्या बिचाऱ्याला एखादी गोधडी तरी घाल.” आम्ही हसलो, पण त्या प्रश्नाने मला बरेच शिकवले. गोधडी आपल्याला ऊब देत नाही, आपल्या अंगाची ऊब ती आत धरून ठेवते; आणि सापाच्या अंगात अशी स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते आणि पुरेशी झाली की तेथून बाजूला व्हावे लागते. म्हणून संपूर्ण पेटी एकसारखी गरम ठेवणे हे प्रेमळ दिसणारे, पण घातक काम आहे. घाना, टोगो, बेनिन या भागांत हा साप दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. बिळाच्या तोंडाशी आणि आत खोलवर तापमान वेगळे असते, आणि त्यातून आपल्याला हवे ते तो निवडतो. आमच्या १२० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी पेटीत उबदार टोकाची फरशी ३१ ते ३२ अंश असते आणि गार टोक २५ ते २६ अंशांवर राहते. रात्री दिवा बंद असताना गार टोक २४ पर्यंत उतरले तरी चालते. दोन्ही टोकांना एकसारखी लपणे ठेवावी लागतात, कारण लपण एकाच बाजूला असले, तर भित्रा साप ऊब आणि सुरक्षितता यांपैकी बहुधा सुरक्षितता निवडतो आणि नको त्या तापमानात तासन्‌तास बसून राहतो.

भाजण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पोटाखालची जागा पोळत असतानाही साप तेथून उठत नाही, असे पाळणाऱ्यांनी आणि पशुवैद्यांनी वारंवार पाहिले आहे. तेव्हा “फार गरम झाले तर तो आपणहून सरकेल” या भरवशावर राहता येत नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने बदनाम आहेत. हीट मॅटच्या बाबतीत फसगत आणखी सूक्ष्म असते. मॅटवर भुश्श्याचा जाड थर घातला की वरून हात लावल्यावर सर्व ठीक वाटते. परंतु थराखाली उष्णता साचत राहते, आणि साप उकरत खाली गेला की त्याचे पोट थेट त्या तापलेल्या तळाला टेकते. वरून उष्णता देणारा दिवा किंवा प्रकाश न देता तापणारा सिरॅमिक हीटर पेटीच्या आत असेल, तर त्याला जाळी हवीच. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात; उघडा हीटर त्याला भक्ष्यासारखाही वाटू शकतो आणि विळखा घालण्याजोगी उबदार फांदीही. सिरॅमिक हीटर इतका तापतो की प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये तो लावूच नये. चिनी मातीचाच होल्डर घ्यावा. वॅटचा आकडा निवडतानाही मोठ्याचा मोह टाळावा. थर्मोस्टॅट निकामी होऊन पूर्ण वीज मिळत राहिली, तरी पेटी जीवघेणी तापणार नाही, इतकाच हीटर मला योग्य वाटतो.

थर्मोस्टॅटच्या प्रकारांबद्दल दुकानात बराच वेळ घालवता येतो, पण गरजेपुरते थोडक्यात सांगता येईल. इस्त्रीसारखा टिक करून चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट हीट मॅटला पुरतो. सिरॅमिक हीटरला विजेचे छोटे छोटे ठोके देणारा लावतात. प्रकाश देणाऱ्या दिव्याला मात्र मंद-तीव्र करणाराच हवा, नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकत राहतो आणि लवकर जातो.

मोजण्याचे काम थर्मोस्टॅटवर सोडू नये. काचेला चिकटवायचे गोल, काट्याचे तापमापक दिसायला छान असतात, पण ते त्या चिकटवलेल्या जागेच्या हवेचे तापमान दाखवतात, आणि तेही कित्येक अंशांनी चुकीचे असू शकते. आमच्याकडे दोन्ही टोकांना प्रोब असलेला स्वतंत्र डिजिटल तापमापक आहे, आणि फरशीसाठी इन्फ्रारेड. या दुसऱ्याची एक खोड लक्षात ठेवावी: तो काचेच्या बाहेरून रोखला तर आतल्या फरशीचे नव्हे, काचेचेच तापमान सांगतो. हे कळेपर्यंत मी जवळपास महिनाभर मन लावून काचेचे तापमान वहीत लिहीत होते.

इंग्लंडमध्ये साप पाळणाऱ्याला थंडीची काळजी असणार, असे सर्वांना वाटते. मला खरी भीती २०२२ च्या जुलैत वाटली. १९ जुलैला लिंकनशरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, या देशात ४० च्या वर गेलेला पारा प्रथमच दिसला. येथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, आणि बहुतेक घरांत वातानुकूलन नाही. आमची पेटी तेव्हा वरच्या मजल्यावर होती. थर्मोस्टॅटने हीटर केव्हाच बंद केले होते, पण थंड करणे हे त्याचे कामच नव्हे. दुपारी गार टोक ३३ वर पोहोचले, म्हणजे सापाला सरकायला जागाच उरली नाही. थोडा गारठा साप काही काळ निभावून नेतो, तितकी उष्णता तो निभावू शकत नाही. आम्ही त्याला हवेशीर डब्यात घालून खालच्या मजल्यावरच्या उत्तरेकडील खोलीत फरशीवर ठेवले, आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवल्या. बर्फ अंगाला लावायचा नाही, हे मुलाला दोनदा बजावावे लागले. त्या वर्षापासून पेटी कायमची खालीच आहे.

थंडीत वीज जाते तेव्हा पहिला नियम खाण्याचा आहे. पेटी गार असताना उंदीर द्यायचा नाही, कारण ऊब नसेल तर पचन मंदावते, पोटातले भक्ष्य कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. अशा वेळी आईची गोधडी खरोखर कामाला येते. ती सापावर नव्हे, हवेला थोडी वाट सोडून पेटीवर घालायची, म्हणजे आत आधीच साठलेली ऊब काही तास टिकते. गेल्या हिवाळ्यात पाच तास वीज नव्हती आणि उबदार टोक तेवढ्या वेळात २६ पर्यंतच उतरले. वीज परत आली की सर्वप्रथम गोधडी काढायची, नंतर थर्मोस्टॅटवर पूर्वीचाच आकडा कायम आहे ना ते पाहायचे, आणि दुसऱ्या तापमापकाचा आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत खोलीबाहेर जायचे नाही.