धरणसाठ्याचे संकेतस्थळ: कोणते ऑब्जेक्ट किती काळ जगावे

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांचा साठा दाखवणारे माझे छोटे संकेतस्थळ आता सोसायटीतले बरेच जण रोज उघडतात, आणि जुलैमध्ये मुठेत विसर्ग सुरू झाला की नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जाईल या चिंतेने दिवसातून अनेकदा उघडतात. या टप्प्यात मी पानावर नवे काहीच आणले नाही. सर्व्हरवरील प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत तयार केलेली माहितीची वस्तू, केव्हा तयार होते, कोणाकोणाला दिसते आणि केव्हा संपते, एवढाच प्रश्न घेऊन संपूर्ण मांडणी पुन्हा तपासली. साधने तीच आहेत: जावा ही भाषा, तिच्यात संकेतस्थळ उभारण्याची स्प्रिंग बूट ही चौकट आणि त्याच्या आतला, वाचकांच्या मागण्या स्वीकारणारा टॉमकॅट.

सर्वांत सोपा भाग धरणांच्या क्षमतेचा. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१, असे मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हे आकडे अर्ज (म्हणजे संकेतस्थळामागचा प्रोग्राम) चालू असेपर्यंत बदलत नाहीत, त्यामुळे ते सिंगलटन बीनमध्ये, म्हणजे स्प्रिंगने सांभाळलेल्या एकाच प्रतीच्या ऑब्जेक्टमध्ये, शोभतात आणि त्यांचे वाचन कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ते ऑब्जेक्ट तयार होतानाच, होते. क्षमतेची फाइल सापडली नाही किंवा बेरीज जुळली नाही, तर अर्ज सुरूच होऊ नये असे मी मुद्दाम ठरवले आहे. अर्धवट माहितीवर उभा राहिलेला अर्ज चुकीची टक्केवारी शांतपणे दाखवत राहतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. स्प्रिंग बूट २.२ पासून सगळीच बीन गरज पडेल तेव्हा तयार करण्याची सोय आहे, परंतु ती चालू केली की हा दोष अर्ज सुरू होताना न दिसता पहिल्या वाचकाच्या वाट्याला येतो, म्हणून ती मी वापरत नाही.

खरी गुंतागुंत बदलत्या नोंदींची आहे. वेगळे काही सांगितले नाही तर स्प्रिंगचे बीन सिंगलटन असते, म्हणजे एका कंटेनरमध्ये (बीन तयार करून सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या भागात) त्याची एकच प्रत असते, आणि टॉमकॅटचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे (मूळ मर्यादा २००), त्याच प्रतीत एकाच वेळी शिरू शकतात. जुन्या सर्व्हलेटमध्येही (मागणीला उत्तर देणाऱ्या जावा वर्गात) हेच होते: एका घोषणेमागे एक प्रत आणि तिच्यावर अनेक थ्रेड. त्यामुळे अशा वर्गातील बदलते फील्ड, म्हणजे माहिती ठेवण्याची जागा, हे चावडीवरच्या फळ्यासारखे असते. एक जण वाचत असतानाच दुसरा पुसून नवे लिहू शकतो. ठरावीक वेळाने चालणारे माझे काम चार धरणांच्या नव्या नोंदी एकेक करून त्या फील्डमध्ये भरू लागले, तर एखाद्या वाचकाला पानशेतचा आकडा नवा, वरसगावचा जुना आणि एकूण बेरीज दोन्हींशी न जुळणारी दिसेल. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर बरोबर, आणि एकत्र पाहिला तर खोटा.

यावर कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणे, हा एक उपाय आहे, पण मला दुसरा अधिक आवडला. चारही नोंदी, त्यांची वेळ आणि बेरीज मिळून एक न बदलणारे रेकॉर्ड तयार होते, म्हणजे त्या क्षणीच्या साठ्याचे एक चित्र. सिंगलटनमध्ये त्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा फक्त एक अॅटॉमिक, म्हणजे अर्धवट न बदलणारा, संदर्भ असतो. नवे चित्र पूर्ण तयार झाल्यावरच तो संदर्भ एका झटक्यात बदलतो. जुने चित्र ज्यांच्या हातात आहे त्यांचे काम त्याच चित्रावर पूर्ण होते. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. रेकॉर्डची अपरिवर्तनीयता वरवरची असते, आतली यादी बदलता येते, म्हणून आतल्या यादीची न बदलणारी प्रत कन्स्ट्रक्टरमध्येच करून ठेवावी. तसेच एका रिक्वेस्टमध्ये, म्हणजे वाचकाच्या पानाच्या एका मागणीत, संदर्भ एकदाच वाचावा. तक्त्यासाठी एकदा आणि बेरजेसाठी पुन्हा वाचला, तर मधल्या क्षणी चित्र बदलून मूळचाच घोळ परत येतो.

हे एकदाच वाचलेले चित्र रिक्वेस्ट स्कोपच्या, म्हणजे एका रिक्वेस्टपुरतेच जगणाऱ्या, बीनमध्ये ठेवण्याचा प्रयोगही केला. सिंगलटनमध्ये असे बीन थेट गुंफता येत नाही, मध्ये प्रॉक्सी (त्याच्या जागी उभे राहणारे मध्यस्थ ऑब्जेक्ट) लागते, आणि ती प्रत्येक हाकेला चालू रिक्वेस्टचे खरे ऑब्जेक्ट शोधून देते. वाचकांच्या पानापुरते ते उत्तम चालते. परंतु तीच सेवा वेळापत्रकाच्या कामाने वापरली की त्या थ्रेडवर रिक्वेस्टच नसते आणि अपवाद फेकला जातो, म्हणजे काम त्रुटीने थांबते. शेवटी चित्र साध्या पॅरामीटरने, म्हणजे मेथडला (कामाच्या तुकड्याला) थेट हाती देऊन, पुढे दिले. चार अक्षरे जास्त लिहावी लागतात, पण कोणाकडे काय आहे ते मेथडची पहिली ओळच सांगते.

पहिले चित्र कोठून येते, हाही प्रश्न होताच. जलसंपदा विभागाची सकाळची नोंद मिळवणे नेटवर्कवर अवलंबून असते, आणि माझा अर्ज सुरू होणे दुसऱ्याच्या सर्व्हरवर अडून राहणे मला मान्य नाही. म्हणून कन्स्ट्रक्टर स्थानिक फाइलमधील शेवटचे चित्र उचलतो आणि ताजी नोंद आणण्याचे काम अर्ज तयार झाल्याच्या इव्हेंटनंतर (स्प्रिंगच्या सूचनेनंतर) सुरू होते. बीन तयार होताच चालणाऱ्या पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडमध्ये ते टाकले नाही, कारण त्या वेळी बीनभोवती व्यवहाराची (सगळे साठेल किंवा काहीच नाही, अशा साठवणीची) प्रॉक्सी चढलेली नसते आणि साठवण व्यवहाराविना होते. फाइल आणि नेटवर्क दोन्ही रिकामे असतील, तर पानावर ‘नोंद उपलब्ध नाही’ असे येते. शून्य टक्के कधीच येत नाही.

सेशनबद्दल, म्हणजे सर्व्हरने एका वाचकासाठी जपलेल्या माहितीबद्दल, थोडक्यात. वाचकाला टीएमसी हवे की टक्के, एवढ्या निवडीसाठी सर्व्हरवर मूळ मुदतीप्रमाणे ३० मिनिटे सेशन जिवंत ठेवणे मला उधळपट्टी वाटते, विशेषतः कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद) परत न करणारे बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्राम, प्रत्येक भेटीला नवे सेशन उघडत असताना. ही निवड आता साध्या कुकीत असते.

सर्वाधिक वेळ गेला तो ‘आज’ या गोष्टीवर. आजची तारीख अर्ज सुरू होताना काढून सिंगलटनमध्ये ठेवली, तर मध्यरात्रीनंतर ती शिळी होते. आणि यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख मिळते. त्यामुळे सिंगलटन म्हणून आता फक्त भारतीय वेळेचे घड्याळ आहे, तारीख प्रत्येक रिक्वेस्टमध्ये त्यातून काढली जाते, आणि चाचणीत त्याच जागी थांबवलेले घड्याळ बसवता येते.

१ जूनपासून मोजली जाणारी पावसाची बेरीज याहून अवघड आहे. तिचे आयुष्य एका हंगामाचे, आणि कंटेनर देतो ते रिक्वेस्ट, सेशन आणि अॅप्लिकेशन. हंगाम त्यात कोठेच बसत नाही. स्प्रिंगमध्ये स्वतःचा स्कोप लिहिता येतो, पण चार महिन्यांचा पाऊस मोजण्यासाठी कंटेनरचे पोट उघडणे मला जड वाटले. वर्ष ही किल्ली असलेला मॅप, म्हणजे वर्षावरून बेरीज शोधून देणारी यादी, पुरेसा आहे: नोंदीच्या तारखेवरून १ जूनला सुरू होणारे वर्ष ठरते आणि १ जूनची पहिली नोंद आली की नवी बेरीज आपोआप उघडते. सध्या थांबवलेले घड्याळ ३१ मेच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांवर लावून याचीच चाचणी लिहितो आहे. ३१ मेची नोंद उशिरा, म्हणजे १ जूनला हाती आली तरी ती जुन्याच बेरजेत पडते का, हे त्यात तपासायचे आहे.