पंधरा मिनिटांचा तिळ्या

१४ एप्रिल, सोमवार

तिळ्याला आज तीन महिने पूर्ण झाले. संक्रांतीचा जन्म म्हणून आईने नाव ठेवलं तिळ्या. तीळ घरात आला, गुळाचा मात्र अजून पत्ता नाही. जे दिसेल त्याला चावतो. कुत्र्याचं पिल्लू, जात कारवानी, म्हणजे शिकारी कुत्र्यांची. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर कुत्री व्याली होती, तिथून मार्चच्या मध्यात आणला. लांब पाय, निमुळतं तोंड, आणि अंगात हाडं जास्त की कातडं जास्त हे सांगता येऊ नये असा.

दादांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे. "शिकारी रक्त हाय ते. पळवून दमव, नायतर घर फाडून खाईल." दादांनी गिरणीत पाळ्या केल्या. दमलेला जीव शांत झोपतो, यावर त्यांचा विश्वास आहे. मलाही ते पटत होतं.

आज दुसरी लस आणि रेबीजचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांना विचारलं, रोज किती चालवू? म्हणाले, वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं, दिवसातून फार तर दोनदा. म्हणजे सध्या पंधरा मिनिटं. हा कुठे सिद्ध झालेला नियम नाही, नुसता अंदाजाचा काटा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तो फक्त दोरीला बांधून चालवण्यापुरता. घरात, गच्चीवर स्वतःच्या मनाने खेळतो ते यात धरायचं नाही. तिसरी लस होऊन दहा-बारा दिवस जाईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांच्या वावरातली जमीन वर्ज्य. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

पंधरा मिनिटं! दादा हसले. "एवढ्यात तर मी चहा पितो."

१७ एप्रिल

आज बेल्टचा फजितवाडा. नवाकोरा बेल्ट गळ्यात घातला, दोरी लावली, दारापर्यंत आलो. जिन्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तिळ्या मागे सरकला आणि डोकं अलगद बाहेर. माझ्या हातात दोरी, दोरीला बेल्ट, बेल्टात कुणी नाही. या जातीची मान लांब आणि डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद, त्यामुळे साधा बेल्ट कानांवरून सटकतो. नशीब की जिन्यात झालं. रस्त्यावर असता तर सात रस्ता चौकापर्यंत माझ्या हाती लागला नसता. संध्याकाळी जाऊन छातीवरून बांधायचा हार्नेस आणला. दोन बोटं आत जातील एवढा सैल.

बाहेर नेता येत नाही तोवर शाळा घरातच. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चौदा पावलं. आधी दोन दिवस हलकी दोरी नुसतीच अंगावर ठेवून त्याला घरभर फिरू दिलं. मी डोळ्यांसमोर असतानाच, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकून गळफास व्हायचा. आता दोरीचं टोक माझ्या हातात असतं. तो गुडघ्याशी आला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. दोरी ताणली की मी जागच्या जागी खांब. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. दोरी सैल झाली की पुढचं पाऊल. तीन मिनिटांत त्याचं लक्ष उडतं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

दादांनी मायेने शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा पुढे केला होता. वेळेवर पाहिलं. भाकरी चालते, चटणीतला लसूण कुत्र्याला बाधतो. दादा रुसले. सोलापुरात जन्मून शेंगाचटणी नाही म्हणजे काय?

२० एप्रिल, रविवार

मित्राच्या शेतावर गेलो होतो. तिथे दुसरं कुत्रं नाही, म्हणून डॉक्टरांची आडकाठी नव्हती. ज्वारी कधीच निघालेली, रान मोकळं. पण मोकळ्या रानात सोडायची भीती वाटली, म्हणून दोरीला धरून बांधाकडच्या कच्च्या सडकेने चालवत राहिलो. तो शेपूट वर करून पुढे पुढे ओढत होता. त्याला हौस आहे म्हणून मी चालत राहिलो. खांब व्हायचं वगैरे सगळं विसरलो. परत आलो तेव्हा तास झाला होता. शेवटची पाच मिनिटं तो बसत होता आणि मी "चल, चल" करत होतो.

वाटलं, आज रात्री गाढ झोपणार. संध्याकाळी सात वाजता तो वेडा झाला. सोफ्यावरून उड्या, पडद्याला लोंबकळणं, माझ्या पोटरीला दात. दादा म्हणाले, "बग, अजून दम हाय त्यात. आणखी एक चक्कर मारून आण." मी हार्नेस उचललासुद्धा होता.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय करलालास त्याला? झोपेला आलंय ते."

तिने त्याला जुन्या चादरीवर घेतलं, दिवा मालवला, अंगावर हात ठेवला. दोन मिनिटं धुसफुस, मग घोरणं. मी हार्नेस हातात घेऊन तसाच उभा.

२१ एप्रिल

सकाळी उजवा पुढचा पाय उचलून चालत होता. पोटात गोळा आला. डॉक्टरांनी दाबून, वाकवून पाहिलं. हाड शाबूत, ताण आहे, तीन दिवस विश्रांती. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, थर असतो, वाढ तिथून होते. तो थर कडक व्हायला या अंगाच्या कुत्र्याला वर्ष तरी जातं, कधी त्याहून जास्त. तोवर डांबरावर पळवणं, गाडीमागे धावायला लावणं, उंचावरून उड्या मारू देणं, सगळं बंद. दादांना घरी येऊन हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गावाकडं आमची कुत्री बैलगाडीमागं पळायची, पण ती मोठी असायची."

२४ एप्रिल

तीन दिवस नुसतं निरीक्षण केलं, वहीत वेळा लिहिल्या. काल तिळ्या चोवीसपैकी साडेअठरा तास झोपला. जागेपणी खाणं, शू, पाचेक मिनिटं खेळ, पाचेक मिनिटं शाळा, परत झोप. तासाभराहून जास्त जागा राहिला की चावरेपणा सुरू, हे वहीत उघड दिसतं. आम्ही याला मस्ती म्हणत होतो आणि मस्तीवर उपाय म्हणून आणखी दमवत होतो. लग्नघरात रात्री अकराला नाचणारं पोर जसं मजेत नसतं, पेंगुळलेलं असतं, तसंच हे.

जिन्याबद्दलही वाचलं. नॉर्वेत लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांवर एक अभ्यास झाला, २०१२ साली छापला गेला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांमध्ये कमी. कारवानी त्यात नव्हते, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यामुळे मी याला कडेवर घेऊन उतरतो आणि खालचे मित्र "काय बे, कुत्रं पाळलंस का लेकरू?" म्हणतात. म्हणू देत.

म्हणजे शेतात मी नेमकं उलट केलं होतं. मऊ रान सोडून टणक सडक धरली, त्याची चाल सोडून माझी चाल लावली.

२९ एप्रिल

पारा ४२ च्या पुढे. संध्याकाळी सहालाही हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नाही, मग त्याचे तळवे कसे टेकतील? कुत्र्याला घाम सुटतो तो बहुतेक पंजांतूनच, बाकी सगळी भिस्त धापेवर. म्हणून आता गच्ची, पहाटे साडेपाचला, दहा मिनिटं.

पण चालवता येत नाही म्हणून जग दाखवायचं राहू नये. पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि तो काळ नेमका लसीच्या बंदोबस्तात जातो. हे समजल्यापासून रोज मांडीवर घेऊन कुठेतरी नेत होतो. एक दिवस नव्या पेठेतली गर्दी, एक दिवस स्टेशनबाहेरचा गोंगाट. अशोक चौकाकडे मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या मागांच्या खटाखटीत माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. तिळ्या पहिल्यांदा थरथरला, मग दाराबाहेर लांब बसून चिकन खाल्लं, तिसऱ्या खेपेला टॉवेलांच्या गठ्ठ्यावर झोपला. पुढच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होईल तेव्हा तो वर्षाचा असेल. तयारी आत्तापासूनच.

७ मे

काल तिसरी लस झाली. दोरीची शाळा चौदा पावलांवरून गच्चीच्या चार फेऱ्यांवर आली आहे. खांब व्हायची वेळ फेरीत एकदाच येते, कबूतर दिसलं की. कबुतरापुढे चिकनही हरतं. शिकारी रक्ताबद्दल दादा चुकीचे नव्हते.

१८ मे, रविवार

आज परत शेत. चार महिने झाले, काट्याप्रमाणे वीस मिनिटं. सूर्य उगवायच्या आत पोचलो. यावेळी सडक नाही, नांगरलेलं रान. हार्नेसला तीस फुटी सुती दोरी, टोक दादांच्या हातात. त्यांनीच मागून घेतलं. घड्याळ माझ्याकडे.

तिळ्या सुटला, पंधरा पावलं धावला आणि थांबला. एक ढेकूळ त्याने इतका वेळ हुंगलं की दादा म्हणाले, पेपर वाचलालाय. मग पुढचं ढेकूळ. दोरी कुठेच ताणली नाही. मी हाक मारली तर आला, तुकडा घेतला, परत गेला. बाराव्या मिनिटाला बांधावरच्या लिंबाखाली जाऊन आडवा झाला.

"अजून आठ मिनिटं आहेत," मी म्हणालो.

"असू दे की," दादा म्हणाले आणि दोरी गुंडाळून त्याच्या शेजारी बसले.