आमच्या मिस्त्रीची पडताळणी : माझा अनुभव

साइटवरचा माणूस पोलिसांनी 'बांगलादेशी असल्याच्या संशयावरून' नेला, तर ठेकेदाराने काय करायचं? ऑगस्ट 2025 मध्ये माझ्यावर ती वेळ आली. बंगालचे कारागीर ज्यांच्याकडे कामाला आहेत त्यांच्या उपयोगी पडावं, म्हणून घडलं ते लिहून काढतोय.

वसई-भाईंदर पट्ट्यात मी प्लास्टर आणि टाइल्सची कामं घेतो. मिस्त्री पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबाद जिल्ह्याचा, जलंगीच्या बाजूचा. माझ्याकडे बरीच वर्षं आहे, आणि त्याच्यासारखा लेव्हलचा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. सकाळी साध्या वेशातले दोघं आले, मजुरांची आधार कार्डं पाहिली आणि बंगालचा पत्ता असलेल्यांना गाडीत बसवलं. बाकीचे संध्याकाळी सुटले. मिस्त्री सुटला नाही.

पोलीस ठाण्यात दहशतवादविरोधी कक्षाच्या खोलीबाहेर तो बाकावर बसलेला होता. चप्पल काढून ठेवलेली, हाताला सिमेंट तसंच. आत एक अंमलदार त्याच्या फोनमधले नंबर वर-खाली करत होता. 880 ने सुरू होणारा, म्हणजे बांगलादेशचा, एखादा नंबर सापडतो का ते बघत होता. तसा नंबर निघाला नाही. अडलं ते नावावर. मिस्त्रीच्या आधारवर 'शेख' आणि वडिलांच्या मतदार कार्डावर 'एस. के.'. बंगालमध्ये कागदोपत्री शेखचं असं दोन अक्षरी रूप सर्रास असतं, घरोघरी असतं. इथल्या उपनिरीक्षकांना ते ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बाप-लेकाचं आडनाव जुळत नाही, शेठ. मी वरती काय लिहू?"

मी आधारवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे." हे खरंच आहे. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना आधार, पॅन, मतदार कार्ड असल्याने कुणी नागरिक ठरत नाही, असं म्हटलं होतं. मग ठरतं कशाने? 1955 च्या नागरिकत्व कायद्यात जन्मतारखेवर सगळं आहे. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर आणि 3 डिसेंबर 2004 च्या आधी जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. मिस्त्रीचा जन्म 1991 चा. म्हणजे कागद वडिलांचे हवेत. आणि परदेशी नागरिकांच्या 1946 च्या कायद्याप्रमाणे, जो तेव्हा लागू होता, आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला, त्यातही हे ओझं त्याच्याच डोक्यावर आहे. खोट्या आधारवर राहणारे लोक आहेत आणि त्यांना शोधणं हे पोलिसांचं कामच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाकावर बसलेल्या आणि फोन काढून घेतलेल्या माणसाने जलंगीहून वडिलांचे कागद कसे मागवायचे?

त्यात भीती वेगळीच होती. जूनमध्ये मुंबई-ठाणे भागातून नेलेल्या मुर्शिदाबादच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आलं होतं. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर ते परत आले. मिस्त्रीला ही बातमी माहीत होती. मला पाहिल्यावर तो एवढंच म्हणाला, "शेठ, इधर से कहीं भेजेंगे तो पहले घर पे बता देना."

ओळखीच्या वकील ताई रात्रीच आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "अटक दाखवली आहे का?" उत्तर आलं, "अटक नाही, चौकशी चालू आहे." त्या म्हणाल्या, "मग तो घरी जाऊ शकतो. आणि अटक असेल तर कारण सांगा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा." राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदातली ही गोष्ट मी शाळेत वाचली असेल, पण त्या रात्री ती खरी ऐकली. त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला: माणूस माझ्याकडे कामाला आहे, त्याचा गावचा पत्ता असा आहे, त्या पोलीस ठाण्याकडून खात्री करून घ्यावी. अर्जावर आवक शिक्का आणि वेळ टाकून पोच घेतली. ती पोच हातात आल्यावर ठाण्यातल्या बोलण्याचा सूर बदलला, हे मी स्वतः पाहिलं. अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

मे 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना संशयितांची पडताळणी 30 दिवसांत करायला सांगितलं होतं. माणूस ज्या जिल्ह्याचा पत्ता सांगतो, त्या जिल्ह्याने अहवाल द्यायचा. म्हणजे इथल्या पोलिसांनी तिथल्या पोलिसांना विचारायचं, हा रस्ता आधीपासून होता. आम्ही तोच धरला. मुर्शिदाबादच्या पोलीस अधीक्षकांना ईमेल केला, प्रत इथल्या उपायुक्तांना. मिस्त्रीच्या बायकोने गावातून जलंगीच्या ठाण्यात जाऊन बडबाबूंना, म्हणजे तिथल्या ठाणे प्रमुखांना, गाठलं. त्यांनी एका सिव्हिक व्हॉलंटिअरला, म्हणजे पोलिसांच्या मदतनीसाला, घरी पाठवून शेजाऱ्यांचे जबाब घेतले.

कागदांची मात्र परवड झाली. आजोबांची जमीन पद्मेने कापून नेलेली. त्या काठावर गावंच्या गावं नदीत गेली आहेत, त्यामुळे जमिनीचा दाखला दाखवायला जमीनच नाही. कामी आली ती 2002 ची मतदार यादी. ती नेटवर चढवलेली आहे, पण स्कॅन केलेली आणि बंगाली लिपीत, शोधायची सोय नाही. मिस्त्रीच्या मेहुण्याने मतदान केंद्राच्या नावावरून एकेक पान पालथं घातलं. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, घर क्रमांक, वय, सगळं तिथे निघालं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी रजिस्टर पाहून जन्मतारखेचा दाखला दिला. 'एस. के.' आणि शेख एकच, असा दाखला पंचायतीच्या प्रधानांनी लिहून दिला.

जलंगीहून अहवाल ईमेलने आला तेव्हा उपनिरीक्षकांनी तो दोनदा वाचला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि मिस्त्रीला सोडलं. "आमच्यावर पण वरून रोज आकडा विचारतात," असं ते मला म्हणाले, आणि ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण मग माझं म्हणणं असं की तिकडच्या ठाण्याला फोन पहिल्याच दिवशी करावा, माणसाला गाडीत बसवण्याआधी. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार मुळात केंद्राचा. 1958 साली तो राज्यांकडे सोपवला गेला, आणि आज त्याची सुरुवात साइटवर आलेल्या अंमलदारापासून होते. एवढा मोठा अधिकार खालपर्यंत आला, तर तिकडच्या ठाण्यांचे नंबर आणि 'एस. के.' म्हणजे काय हे सांगणारा बंगाली जाणणारा एक माणूसही खालपर्यंत यायला हवा.

आता माझ्याकडे प्रत्येक कारागिराची फाइल आहे: आई-वडिलांच्या जुन्या यादीतलं पान, शाळेचा दाखला, गावच्या ठाण्याचा नंबर आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. एक प्रत माझ्याकडे, एक वकील ताईंकडे, एक त्याच्या गावी. गणपतीनंतर बीटचे हवालदार पुन्हा यादी मागायला आले, तेव्हा मी फाइल पुढे केली. त्यांनी जलंगीचा नंबर आपल्या डायरीत उतरवून घेतला.

मिस्त्री कामावर आहे. त्याचा धाकटा भाऊ दिवाळीनंतर माझ्याकडे यायचा होता, तो केरळात पेरुंबावूरला गेला.