तुम्ही विचारलंत म्हणून : आंब्याखाली कोणतं गवत लावू?

"तुमच्याकडे आंब्याखाली एवढं हिरवं कसं? आमच्याकडे नुसती माती उघडी पडलीये." कोथरूडच्या आमच्या जुन्या बंगल्यात येणारी निम्मी माणसं चहाच्या आधी हेच विचारतात. त्यापाठोपाठ "कुठल्या नर्सरीतून आणलंत?" हेही ठरलेलं. नर्सरीतून आणलेलं नाही. पावसाळ्यात हे तुमच्याही कंपाउंडच्या कडेला उगवतं आणि माळी तण म्हणून उपटून टाकतो.

आधी लॉनचा विषय संपवून टाकू. सावलीत काय लावू म्हणून विचारायला गेलात की तुम्हाला मेक्सिकन किंवा सिलेक्शन वनचे तुकडे गळ्यात मारले जातात. पहिले दोन महिने फोटो काढण्यासारखे असतात. मग गवत विरळ होतं, पाती लांबुडकी आणि फिकट पडतात, दिवाळीपर्यंत टक्कल. मग माळी म्हणतो खत कमी पडलं, खत घातल्यावर म्हणतो पाणी कमी पडलं. यात खताचा आणि पाण्याचा फारसा संबंध नाही. मेक्सिकन, सिलेक्शन वन (म्हणजे आपल्या हरळीचीच निवडलेली जात), शिवाय ऊस, ज्वारी, मका ही सगळी कडक उन्हातली मंडळी. त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड गोळा करून आत एका ठिकाणी कोंडण्याची वेगळी यंत्रणा असते. भर उन्हात, उकाड्यात ती फार फायद्याची, पण चालवायला जास्तीची ऊर्जा लागते. सावलीत तेवढी मिळकतच नाही, मग खर्च भागणार कसा? वनस्पतिशास्त्रवाले या गटाला सी-फोर म्हणतात. भात, बांबू आणि आमच्या आंब्याखालचं गवत सी-थ्री गटातलं. त्यांच्यात ही जादा यंत्रणा नाही, त्यामुळे कमी उजेडात त्यांचं भागतं.

तर हे गवत म्हणजे ऑप्लिस्मेनस कंपोझिटस. नाव घाबरवणारं आहे, गवत साधं आहे. भीमाशंकर, महाबळेश्वर, माथेरान, कुठेही दाट झाडीतल्या वाटेने चाललात की पायाशी हेच असतं. बुटक्या बांबूसारखी टोकदार पानं, आणि पानाला आडव्या हलक्या लाटा. पान बोटांमध्ये धरून उजेडासमोर तिरकं करा, म्हणजे या लाटा नीट दिसतात. ओळखायची खूण तीच. खोड जमिनीवर सरपटतं, पेरापेराला मुळं फुटतात, शेंडा तेवढा वर उचललेला. गर्द सावलीत नुसतं घोट्याएवढं राहतं, थोडा उजेड मिळाला तर गुडघ्याकडे सरकतं. याचाच एक छोटा चुलत भाऊ आहे, ऑप्लिस्मेनस बर्मनाय. तो पावसाळ्यात उगवतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. त्याचे तुरे आखूड आणि दाटीचे, आपल्याला हव्या त्याचे लांब आणि सुटे. दोन्ही एकत्र उगवतात, म्हणून काढताना तुरा बघा. पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांचं जे बास्केट ग्रास टांगत्या कुंडीत विकतात, तेही याच गोतावळ्यातलं. ते आणायला हरकत नाही, पण आंब्याखालच्या काळोखात पट्टे जरा दिखाऊच वाटतात.

लावणं अगदी सोपं. पहिला दमदार पाऊस होऊ द्या. दोन-तीन पेरांची, मुळं फुटलेली कांडी घ्या, वीत-वीत अंतरावर आडवी दाबा, वर मूठभर कुजलेला पालापाचोळा टाका. आंब्याची बारीक मुळं अगदी वरवर असतात, त्यामुळे कुदळीने जमीन खणायच्या फंदात पडू नका. खुरप्याने रेघ ओढली तरी पुरते. शेणखताचा थर देऊ नका, जंगलात याला कोण देतं? झाडाचा पाला झाडून पेटवायचा ही आपल्याकडची सवय मात्र सोडावी लागेल, कारण याचं जेवण तेच. मार्च ते मे पाणी हवं, रोज नको, माती आतून कोरडी वाटली की. उन्हाळ्यात थोडं मलूल होतं, ते चालायचंच. आणि हे तुडवायचं गवत नव्हे. मुलांना क्रिकेट खेळायला हवं असेल तर मोकळी माती बरी. जायला-यायला मी फरशीचे तुकडे टाकलेत.

आता याची खोड. पावसाळा सरता सरता तुरे येतात आणि दाणे पिकले की त्यांच्या कुसळांवर चिकट थेंब धरतात. सकाळी तिरप्या उन्हात ते काचेच्या मण्यांसारखे चमकतात, बघायला सुंदर. त्यातून साडीचा काठ गेला की मग बसा एकेक दाणा ओढत. कुत्रा असेल तर विचारूच नका. तुरे हिरवे असतानाच विळ्याने वरून कापले की हा प्रश्न उरत नाही. मी वाटेकडेचे कापते, आतले ठेवते.

या चिकटपणावरून अमेरिकेतल्या भाचीची गोष्ट सांगायला हवी. ती मेरीलँडला राहते, घराभोवती ओकची गर्द सावली. "मावशी, थोडं बी पाठव ना," म्हणाली. मी चक्क नाही म्हटलं. याचंच एक भावंड, ऑप्लिस्मेनस अंड्युलॅटिफोलियस, १९९६ साली तिच्याच राज्यात पटॅप्स्को नदीच्या खोऱ्यात सापडलं. हरणांच्या अंगाला, फिरायला येणाऱ्यांच्या बुटांना दाणे चिकटून ते जंगलभर पसरलं आणि तिकडच्या मूळ रोपट्यांवर उठलं. आता लोक ते हाताने उपटत फिरतात. भाचीला सांगितलं, तुझ्याकडचं रिव्हर ओट्स लाव, चास्मँथियम लॅटिफोलियम. तेही बांबूच्या पानांचं, सावलीत खूश, आणि मेरीलँडचं मूळचंच. चपट्या दाण्यांचे झुलते तुरे आधी हिरवे, मग तांब्याच्या रंगाचे होतात. बी तेही भरपूर सांडतं, पण तिथे ते घरचंच आहे.

आणि तो हमखास प्रश्न: "गवत म्हणजे साप येणार ना हो?" साप येतो उंदराच्या आणि बेडकाच्या मागे. कोपऱ्यात विटांचा ढीग आणि उघडा कचरा असेल तर गवत नसतानाही येईल. तरीही मी दारापासून दोन-तीन हात जागा मोकळी ठेवलीये आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जात नाही. डासांचंही तेच, अंडी साचलेल्या पाण्यात घालतात, गवतात नाही, पण दिवसा सावलीच्या झाडोऱ्यात दडून बसतात हे खरं. संध्याकाळी मात्र ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखरं येतात. त्यांच्या अळ्या गवतावरच वाढतात: हिरव्यागार, डोक्यावर दोन शिंगं. पानं कुरतडलेली दिसली तर फवारा काढू नका, आधी पान उलटून बघा.

कांड्या हव्या असतील तर जूनमध्ये मागा, पिशवीभर देईन. एप्रिलमध्ये मागितल्यात तर देणार नाही, जगायच्या नाहीत.